घसा रुंद, दम तेवढाच

सध्या आमच्या रत्नागिरीच्या मित्रमंडळात एक नवीन खूळ आलंय. गाडीचे हप्ते अजून फिटायचेत, पण बॉनेट उघडून चर्चा चालू : थ्रॉटल बॉडी मोठी करून घेऊ या का? ४० मिमीचं भोक ४४ मिमीचं करायचं, त्यात मोठी चकती बसवायची, की आंबा घाटात गाडी सुसाट! माझा मावसभाऊ तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करून घ्यायला निघालाय. त्याला तोंडी सांगून झालं, आता लिहून सांगतो. कदाचित तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी थोडक्यात ओळख. पेट्रोल इंजिनात हवा एअर फिल्टरमधून येते, थ्रॉटल बॉडीतून पुढे जाते आणि व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते. थ्रॉटल बॉडी म्हणजे गाडीचा घसा. आत एक गोल चकती असते. अॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. इथवर सगळं बरोबर. ४० चे ४४ मिमी केले की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं हेही बरोबर. म्हणून ताकद २१ टक्के वाढेल का? छे!

चला, हिशोब करू. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला फिरतंय. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा श्वास. सिलिंडर ८५ टक्के भरतात असं धरलं, तर सेकंदाला साधारण ५१ लिटर हवा. ४० मिमीच्या भोकातून ती जाते सेकंदाला ४० मीटर वेगाने. या वेगासाठी लागणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम १ टक्का आहे. तो सगळाच्या सगळा वाया गेला असं मानलं, तरी ४४ मिमीने त्यातला एक तृतीयांश वाचतो. मधल्या शाफ्टचा अडथळा धरून हा आकडा दुप्पट करा. तरी फायदा अर्धा-पाऊण टक्का! ८० हॉर्सपॉवरच्या गाडीत अर्धा घोडा. तोही ६००० आरपीएमला. घाट चढताना आपण ३००० च्या आसपास असतो, तिथे हा फायदा एक चतुर्थांश होतो. म्हणजे घोड्याची शेपटीसुद्धा नाही :-)

मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ पासून ज्यांनी बघितलंय, त्यांना हे लगेच पटेल. चकाचक चौपदरी तुकडा येतो, आपण खूश होतो आणि पुढे जुन्या अरुंद पुलावर सगळ्या गाड्या थांबलेल्या. साध्या इंजिनात तो पूल म्हणजे व्हॉल्व्ह, पोर्ट आणि कॅम. ते तसेच ठेवून नुसता घसा कापण्यात अर्थ नाही.

"पण अमक्याच्या गाडीचा पिकअप खरंच वाढला!" हे मीही ऐकलंय, आणि तो खोटं बोलत नाहीये. केबलवाल्या गाडीत तेवढाच पाय दाबला तरी मोठी चकती जास्त हवा सोडते. त्यामुळे गाडी सुरुवातीला उसळी घेते. पण हीच उसळी आधीच्या थ्रॉटलवर पाय थोडा जास्त दाबून फुकटात मिळत होती. पूर्ण दाबल्यावर दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच.

आता धोका. आजकालच्या बहुतेक गाड्यांत केबल नसतेच. पेडल हा फक्त सेन्सर, चकती मोटरने फिरते आणि किती फिरवायची ते ईसीयू ठरवतो. चकतीच्या कोनावरून किती हवा जाईल याचे तक्ते त्याच्यात कंपनीने भरलेले असतात. तुम्ही भोक मोठं केलंत, तक्ता तोच राहिला. मग आयडलिंग वर-खाली होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि फरक जास्तच वाटला तर ईसीयू घाबरून ताकद कमी करून टाकतो. जुलैतला पाऊस, धुकं, मागे ट्रक, गाडीत आईबाबा, आणि आंबा घाटाच्या वळणावर गाडी दम सोडते. अर्ध्या घोड्यासाठी हे? शिवाय वॉरंटीचा दावा करताना सर्व्हिस सेंटरवाला ते भोक बघणारच.

मोठ्या थ्रॉटलचा उपयोग कधीच होत नाही असं नाही. रेसिंगचं इंजिन असेल, कॅम बदललाय, पोर्टिंग केलंय, ८-९ हजार आरपीएमला फिरवायचंय, ईसीयू नव्याने ट्यून होणार आहे, तर घसाही मोठा हवाच. पण तो यादीत शेवटी येतो. उलटं उदाहरणही आहे. फॉर्म्युला थ्रीच्या २ लिटर इंजिनांना पूर्वी नियमाने फक्त २६ मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधून श्वास घ्यावा लागायचा. तरी ती २०० च्या आसपास हॉर्सपॉवर द्यायची!

आणखी एक गंमत. हवा २० अंशांवरून ३३ अंशांवर गेली की तिची घनता ४ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे जानेवारीच्या पहाटे आपली गाडी मे महिन्याच्या दुपारपेक्षा जास्त जोरकस असते, आणि तो फरक या सगळ्या खर्चिक उद्योगापेक्षा कितीतरी मोठा आहे.

तरीही पटत नसेल तर मोजा. ज्या गाडीत मॅप सेन्सर आहे, तिला ओबीडी रीडर लावा. इंजिन सुरू न करता, नुसती किल्ली फिरवून दाब बघा. आपल्या समुद्राकाठी तो १०० किलोपास्कलच्या आसपास असतो. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर द्या आणि आकडा शेजारी बसलेल्याला वाचू द्या. फरक दोन-तीनचाच असेल, तर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा अडथळा तेवढाच. फरक खूप जास्त असेल, तर आधी एअर फिल्टर बघा. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ त्यात काय थर साचवते ते माहीतच आहे! चकतीवरचा कार्बनही साफ करून घ्या. त्याने निदान आयडलिंग सुधारतं.

ऑफिसमध्ये कोणी प्रोफायलर न लावता कोड ऑप्टिमाइझ करायला घेतला, तर आपण त्याला वेड्यात काढतो. मग शनिवारी गाडीपाशी आल्यावर आपली अक्कल कुठे जाते? गाडीची हौस असावी, मलाही आहे. पण मावसभावाला माझं एवढंच सांगणं आहे : तेच पैसे चांगल्या टायरांवर घाल. पावसात घाट उतरताना त्यांचा उपयोग जास्त होईल.