चुकलेला चेंडू कुणाचा?

बास्केटबॉलची मॅच बघताना आपले डोळे कुणावर असतात? ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्यावर. त्याने शॉट मारला, चेंडू रिंगला आपटून उडाला, की आपण "अरेरे!" म्हणतो आणि लक्ष दुसरीकडे वळवतो. खरी झटापट मात्र त्याच क्षणी सुरू होते. अमेरिकेच्या एनबीएमध्ये जगातले सर्वोत्तम खेळाडू खेळतात, तरी तिथेही चालू खेळातले निम्म्याहून जास्त शॉट चुकतात. मग तो चुकलेला चेंडू कुणाचा? जो आधी झेप घेईल त्याचा. यालाच म्हणतात रिबाउंड.

आजचा प्रश्न तुमच्यासाठी आहे. समजा, तुम्ही एका टीमचे कोच आहात. तुमच्याकडे एक तरुण फॉरवर्ड आला आहे. त्याचा लांबून नेम लागत नाही. ड्रिबलिंग बेताचंच. पण चुकलेला चेंडू पकडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला टीममध्ये कोणती जागा द्याल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. 2011 मध्ये तो केनेथ फरीदच्या रूपाने एनबीएपुढे उभा होता. न्यूअर्क शहरातला हा मुलगा केंटकीमधल्या मोरहेड स्टेट या फारशा नावाजलेल्या नसलेल्या विद्यापीठाकडून खेळायचा. उंची 6 फूट 8 इंच. आपल्याला ती ताडमाड वाटते, पण बास्केटखाली उभं राहणाऱ्यांत ती कमीच. तरीही त्याने कॉलेजच्या चार वर्षांत 1,673 रिबाउंड घेतले आणि आधुनिक काळातला टिम डंकनचा विक्रम मागे टाकला. त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या छोट्या टीमने बलाढ्य लुइव्हिलला 62-61 असं हरवलं. एवढं करूनही ड्राफ्टमध्ये 21 जणांची नावं आधी पुकारली गेली. 22 व्या क्रमांकावर डेन्व्हर नगेट्सने त्याला घेतलं.

एवढा पराक्रम आणि तरी 22 वा? इथेच खेळाडू पारखण्याची खरी गंमत आहे. अशा मुलाला जोखताना तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: आकडा कसा आला? एखाद्याच्या नावावर सामन्यात 12 रिबाउंड दिसले, तर तो किती मिनिटं मैदानावर होता आणि तेवढ्या वेळात किती शॉट चुकले, हे बघायला हवं. शॉटच जास्त चुकले असतील, तर रिबाउंडही जास्त मिळणार. शिवाय रिबाउंड कोणत्या बाजूचा, हेही महत्त्वाचं. समोरच्या टीमचा चुकलेला चेंडू पकडणं हे कर्तव्य झालं. आपल्याच टीमचा चुकलेला चेंडू परत मिळवणं म्हणजे टीमला पुन्हा एक संधी मिळवून देणं. फरीदची ताकद इथे होती. तो दुसऱ्यांच्या चुकांचं सोनं करायचा.

दुसरा प्रश्न: चेंडू हवेत नसतो तेव्हा हा मुलगा काय करतो? रिबाउंडसाठी लागतात काही क्षण. उरलेल्या वेळात बचाव करायचा असतो, सोबत्याला वाट मोकळी करून द्यायची असते, पास द्यायचा असतो. ज्याला लांबून शॉट मारता येत नाही, त्याचा एक तोटा असतो. समोरचा बचावपटू त्याला खुशाल मोकळा सोडतो आणि बास्केटखाली जाऊन गर्दी करतो. म्हणजे एकाच्या उणिवेने चौघांची वाट अडते.

तिसरा प्रश्न: शेजारी कोण आहे? हा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. जॉर्ज कार्ल डेन्व्हरचे कोच असताना टीम धावती होती. 2012-13 च्या हंगामात त्या टीमने 82 पैकी 57 सामने जिंकले आणि फरीद तिचा नेहमीचा खेळाडू होता. 2014 च्या विश्वचषकात नामवंत नेमबाजांच्या सोबतीने त्याने अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून दिलं आणि स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांतही स्थान मिळवलं. पुढे कोच बदलले आणि खेळही बदलला. फॉरवर्डला लांबून शॉट मारता यायलाच हवा, असे दिवस आले. 2017-18 मध्ये फरीद फक्त 32 सामने खेळला. मग 2019 च्या सुरुवातीला ह्यूस्टनचा सेंटर जखमी झाला, तेव्हा फरीदला बोलावणं आलं. भोवती नेमबाज आणि मध्ये तो, असा बेत होता. पुन्हा तो चमकला! पण त्या हंगामानंतर तो एनबीएमध्ये दिसला नाही.

आता याच्या शेजारी डेनिस रॉडमनला ठेवून बघा. उंची फरीदपेक्षाही एक इंच कमी. 1986 च्या ड्राफ्टमध्ये 27 वा. कारकिर्दीची सरासरी जेमतेम 7.3 गुण. तरीही सलग सात हंगाम तो रिबाउंडमध्ये पहिला आला आणि डेट्रॉइट आणि शिकागोकडून मिळून पाच विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. फरक कुठे पडला? रॉडमनकडे दुसरं हत्यारही होतं: बचाव. 1990 आणि 1991 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. शिवाय तो डोक्याने खेळायचा. कुणाचा चेंडू कसा फिरतो आणि रिंगला लागून कुठे उडतो, याचा तो अभ्यास करायचा. 'द लास्ट डान्स' या मालिकेत त्याने हे स्वतः सांगितलं आहे.

मग आपल्या तरुण फॉरवर्डचं काय करायचं? मी कोच असते तर त्याला पहिल्या पाचांत लगेच उतरवलं नसतं. सुरुवातीला बाकावरून आणलं असतं, समोरची टीम दमल्यावर, वीसेक मिनिटांसाठी. सोबत निदान तीन नेमबाज दिले असते. आणि रोजच्या सरावात त्याच्याकडून बचाव घोटून घेतला असता. लांबचा शॉट वर्षभरात जमेलच असं नाही. पाय हलवणं, अंतर राखणं, सोबत्याला हाक देणं, हे मेहनतीने जमतं. बचाव पक्का झाला, की पहिल्या पाचांतली जागा त्याची.

तुमच्या घरातलं मूल शाळेच्या टीममध्ये असेल, तर हे लक्षात असू द्या. मॅचहून घरी आल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "किती बास्केट केल्या?" शून्य केल्या असतील तर ते मान खाली घालतं. पुढच्या वेळी विचारून बघा, "चुकलेले किती चेंडू परत आणलेस?" टीमने कशामुळे जिंकलं, याचं उत्तर कदाचित त्यात मिळेल. पण त्याच्या पुढचा प्रश्नही विचाराच: "आणि आता दुसरं काय शिकणार?" एका गुणावर टीममध्ये शिरता येतं. टिकायला मात्र जोडीला दुसरा गुण लागतो.

आता मॅच लावाल, तेव्हा एक गंमत करा. शॉट सुटला, की चेंडूकडे बघू नका. बास्केटखाली कोण कुणाला पाठ लावून अडवतंय, ते बघा. पाच मिनिटांत तुम्हाला तुमचा आवडता खेळाडू सापडेल, आणि बहुतेक त्याचं नाव तुम्ही आधी ऐकलेलं नसेल.