गप्प पोर म्हणजे शहाणं पोर?

मुलाला ताप आला की आपण लगेच दवाखान्यात पळतो. पोट दुखलं की ओवा, हिंग, सगळं होतं. पण पोर आठ-आठ दिवस कुणाशी बोललंच नाही तर? ‘मोठं शहाणं आहे हो तुमचं पोर, काही त्रासच नाही!’ असं म्हणून आपण उलट त्याच्या आईचं कौतुक करतो.

मैत्रिणींनो, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींचं नाव तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. मानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्या या डॉक्टरांना आपला दवाखाना थाटून निवांत बसता आलं असतं. त्यांनी 1990 मध्ये ठाण्यात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी ‘वेध’ सुरू केला. वरवर पाहता हे करिअर मार्गदर्शन. पण मंचावर माणसं बोलावून त्यांच्याशी गप्पा मारायच्या, ती कुठे अडली, कशी सावरली हे मुलांसमोर मोकळेपणी काढायचं, अशी त्याची पद्धत. ‘वेध’ ठाण्याबाहेरही कितीतरी गावांत पोचला.

त्यांच्या कामामागे अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास मांडलेली विचारपद्धती आहे. आपल्याकडे ती रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. सांगायला सोपी आहे हो! घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो. ‘चांगले मार्क मिळावेत’ ही इच्छा झाली. ‘मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी कुचकामी’ हा झाला हट्ट. तो एवढासा ‘च’ पोराच्या छातीवर दगडासारखा बसतो. आणि खरं सांगू? तो बहुतेक वेळा आपणच नेऊन ठेवलेला असतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. तेव्हापासून आपण कर्जाबद्दल, कापसाच्या भावाबद्दल बोलतो. बोललंच पाहिजे. पण त्या चार लेकरांसारखी लेकरं आजही घराघरांत बसून सगळं ऐकत असतात, त्यांच्याबद्दल कोण बोलतं? 2015 मध्ये सरकारने ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, आशाताई घरोघरी जाऊन शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करू लागल्या. चांगलंच झालं. पण विचारपूस घरातल्या मोठ्यांची. बाप गेलेल्या दहा वर्षांच्या पोराला आपण काय म्हणतो? ‘आता तूच घरातला कर्ता.’ दहा वर्षांचा कर्ता! त्याला रडायचीही सोय ठेवत नाही आपण.

ठाण्या-पुण्यात समुपदेशक असलेल्या शाळा आहेत. आमच्याकडच्या किती जिल्हा परिषद शाळांत, किती आश्रमशाळांत असा माणूस आहे? सहा वर्षांचं लेकरू माय-बाप सोडून वसतिगृहात राहतं, रात्री त्याला काय वाटतं हे विचारणारं कोण? प्रत्येक गावी मानसशास्त्रज्ञ येईल, अशी आस धरण्यात अर्थ नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला गणित शिकवणारेही आपल्याला ठाऊक आहेत! पण हे काम पुन्हा अंगणवाडी ताईच्या डोक्यावर टाकून तिच्या हाती आणखी एक रजिस्टर द्यावं, हेही मला पटत नाही.

वाट आहे. 2024 मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर झाला. ताण कसा हाताळायचा, एकमेकांशी कसं वागायचं, हे सगळं त्यात धरलेलं आहे. कागदावर तरी आहे. शिवाय 14416 हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक 2022 पासून आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

आमच्या महिला मंडळाने शाळेला विचारलं, महिन्यातला एक शनिवार आम्हा आयांना द्या. गोष्ट सांगू, खेळ घेऊ, आणि ‘या आठवड्यात कशाचा राग आला?’ एवढंच विचारू. मुख्याध्यापक म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला आहे. येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी चौघी नाही, पंधरा जणी.