कोऱ्या उजेडाचें चित्र

गेल्या माघांत आरोंद्यास, तेरेखोलच्या कांठीं, पुतण्यांसह आम्ही मृगांतील तेजोमेघाचीं छायाचित्रें घेतलीं. कोपरे काळवंडलेले, मध्यें धुळीच्या सांवल्यांचीं वर्तुळें! सकाळीं उत्साहानें कॅमेरा काढून आम्ही कांच पुसली आणि रात्रीची मेहनत आपल्याच हातांनीं घालविली. मागाहून घेतलेलें कोरें चित्र स्वच्छ कांचेचें. रात्रीच्या डागांचा हिशेब त्यांत कोठून मिळणार?

दोष पुसण्यापूर्वीं मोजावा लागतो. कॅमेरा व फोकस मुळींच न हलवितां दुर्बिणीच्या तोंडावर शुभ्र धोतराची घडी ताणून, सारख्या उजेडांत वीसतीस चित्रें घ्यावीं. उजेड कॅमेऱ्याच्या ग्रहणशक्तीच्या निम्म्याइतका असावा. संधिप्रकाशाचें आकाशही चालतें. मात्र कोंकणांत तो विलायतेपेक्षां लवकर सरतो. झांकण लावून घेतलेलीं चित्रें दोहोंतून वजा करून, कोऱ्या चित्रांच्या सरासरीनें मूळ चित्रास भागिलें, कीं कोपरे उजळतात, वर्तुळें मावळतात.

पुणें जिल्ह्यांत गिरवलीस २००६ सालीं सुरू झालेली ‘आयुका’ची २ मीटर आरशाची दुर्बीण असो, वा माडीवरची लहानशी, नियम एकच. डाग रंगवून झांकणें सोपें खरें. पण त्याबरोबर आकाशांतलें खरें मंद तेजही पुसलें जातें. घरांतील मुलांस हा भेद अवश्य समजावून द्यावा.