आधी अर्ज, मग व्हिडिओ

धानोऱ्याच्या मंडळींनो, मिरचीचे देठ खुडून झाले की हातांची आग रात्री गार पाण्यातही शमत नाही. ती बघून तुमच्यापैकी कुणी जुनी मोटर, सायकलची चेन आणि पत्र्याच्या पट्ट्या जुळवून देठ काढायचं यंत्र केलं असेल, तर एकच विनंती : त्याचा व्हिडिओ आज टाकू नका.

यंत्राचं पेटंट घ्यायचं, तर त्याला वस्तू नवी लागते. अर्जाआधी तुम्हीच ती चारचौघांत उघडी केलीत, तर तुमचाच व्हिडिओ तुमच्या आड येतो. वहीत तारीख घालून काढलेलं चित्रही कामाचं नाही. आधी अर्ज कोणाचा, ते बघतात. तेव्हा आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज भरा. स्वतःच्या नावावर ऑनलाइन १६०० रुपये. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. तपासणीचे ४००० वेगळे. मिरची कशी लावावी, ही पद्धत पेटंटात बसत नाही, अवजार बसतं. पण मोटर आणि चेन नुसती शेजारी-शेजारी बसवून भागणार नाही, त्यातून नवं काहीतरी घडायला हवं.

‘हे इंजिनिअर लोकांचं काम’ म्हणून सोडून देऊ नका. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) मुंबईचे. सुटा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी त्यांनी १८९७ साली लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. मग छापखान्याचे खिळे ओतणारं ‘भिसोटाइप’, पुढे अमेरिकेत आयोडिनचं औषध. कुठे वाण्याचा तराजू, कुठे छापखाना, कुठे दवाखाना! पेटंटं चाळीसच्या आसपास. तुम्हीही पंप, कोळपं, देठ काढणं असं सगळीकडे हात घालता, पण सगळं एका अर्जात कोंबू नका. एका शोधाला एक अर्ज.

आणि कागद मिळाला म्हणजे पैसा आला, असं नाही. भिशांच्या पाठीशी दादाभाई नौरोजी होते, त्या काळच्या सर रतन टाटांचं भांडवल होतं, तरी खिळ्यांच्या यंत्राने त्यांची वर्षानुवर्षं खाल्ली. म्हणून अर्जाची पावती हाती येताच नंदुरबारच्या दोन-तीन मिरची व्यापाऱ्यांना यंत्र चालवून दाखवा. तासाला किती किलो निघते, किती मिरची तुटते, ते त्यांच्यासमोर मोजा. खर्च झेपत नसेल, तर गावठी संशोधकांना मदत करणारं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन शेजारच्या गुजरातमध्ये, गांधीनगरजवळ आहे. तिथे चौकशी करा. अर्ज होईतोवर यंत्रावर गोणपाट टाकून ठेवा.