बोलण्याची शाळा

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्याच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. त्याचा मुलगा अमेरिकेंत एका विद्यापीठांत संशोधन करितो. त्याची पत्नी, म्हणजे आमची नातसून, हिनें पत्रीं कळविलें कीं, तेथील चर्चमध्यें परदेशीय विद्यार्थी व त्यांचीं कुटुंबें यांजकरितां आठवड्यांतून एकदां इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो, व ती तेथें जाऊं लागली आहे. वहिनींनीं जपमाळ खालीं ठेविली. "आज इंग्रजी, उद्यां बाप्तिस्मा!" पुतण्या म्हणाला, "काका, एम्.एस्सी. झालेल्या मुलीस इंग्रजीचा वर्ग कशाला?" दोन्ही प्रश्न आम्हांपुढें निर्णयाकरितां आले.

दुसरा प्रश्न आम्ही आधीं घेतों. कारण त्यांत अपराधी आम्हीच आहों. आम्हीं तीस वर्षें मुलांकडून इंग्रजीचे कर्तरि-कर्मणि प्रयोग घोटून घेतले. पण कोणी इंग्रजींत चार शब्द बोलूं लागला, कीं चूक काढून त्यास खालीं बसविलें. फळ असें कीं, मुलीस ग्रंथ कळतो; परंतु मुलाच्या डॉक्टरांकडून टेलिफोनवर जलद प्रश्न आला, कीं जीभ टाळूस चिकटते. नैयायिकांनीं शब्दाचा अर्थ कळण्याचीं साधनें सांगतांना व्याकरण व कोश यांजबरोबर व्यवहारही सांगितला आहे. एक वडील मनुष्य 'गाय आण' म्हणतो, दुसरा ती आणितो, आणि जवळचें मूल तें पाहून शब्द शिकतें. त्या वर्गांत हेंच चालतें. एकेका मेजाभोंवतीं चीन, कोरिया, ब्राझील, इराण येथील चारपांच स्त्रिया बसतात. मध्यें पेन्शन घेतलेली एखादी शिक्षिका असते. मुलाच्या शाळेंतून आलेली चिठ्ठी कशी वाचावी, दुकानांत वस्तु परत कशी करावी, हेच पाठ. फी नाहीं, मुलें शेजारच्या खोलींत सांभाळलीं जातात.

विद्यार्थ्याच्या पत्नीस मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर तिकडे नोकरी करण्यास मनाई आहे. पति दिवसभर प्रयोगशाळेंत, बाहेर बर्फ, घरांत ही आणि दोन वर्षांचें मूल. नातसुनेनें लिहिलें होतें कीं, वर्गास जाण्यापूर्वीं नऊ दिवस ती नवऱ्यावांचून कोणाही मोठ्या माणसाशीं बोलली नव्हती. हें वाक्य आम्हीं मोठ्यानें वाचिलें. वहिनींनीं माळ पुन्हां हातीं घेतली. पण जप झाला नाहीं.

आतां पहिला प्रश्न. वर्ग संपल्यावर बायबलाचें वाचन असतें. ज्यास बसावयाचें तो बसतो. यजमानांचा हेतु केवळ भाषा शिकविण्याचा नसतो, हें ते लपवीत नाहींत, व आपणही तें विसरूं नये. परंतु वाचकांनीं १८८३ साल आठवावें. त्या वर्षीं आनंदीबाई जोशी, हिंदु म्हणूनच जाईन व हिंदु म्हणूनच राहीन, असें बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेंत सांगून अमेरिकेस गेल्या. रोझेल गांवच्या कार्पेंटर या ख्रिस्ती कुटुंबानें त्यांस आसरा दिला. १८८६ मध्यें डॉक्टर होऊनही त्या हिंदुच राहिल्या. त्याच १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील मठाच्या आश्रयास असलेल्या पंडिता रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. आसरा एकाच प्रकारचा, निर्णय निराळे. आणि दोन्ही निर्णय ज्यांचे त्यांनीं विचार करून केलेले.

म्हणून आम्हीं नातसुनेस लिहिलें: "अवश्य जा. शिकविणाऱ्या बाईंचे उपकार मान. वाचनास बसावें कीं नाहीं, तें तूंच ठरव. नाहीं म्हणावयाचें असल्यास स्पष्ट व गोड शब्दांत म्हण. तेंही संभाषणच आहे."

पत्र लिहून झालें, तरी एक गोष्ट मनांत सलत राहिली. अतिथीस देव मानावें असें शिकविणारे आपण; पण पोटासाठीं परप्रांतांतून येथें आलेल्यांच्या बायका मंडईंत खुणांनीं भाजी घेतात. त्यांस मराठी बोलावयास शिकविण्याकरितां आपल्या किती देवळांच्या सभामंडपांत सतरंजी पसरली जाते?

हें आम्ही बोललों, तेव्हां वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भावोजी, वरच्या मजल्यावर ओडिया मुलगी राहावयास आली, तिला चार महिने झाले. जिन्यांत भेटली कीं नुसती हंसते." येत्या गुरुवारीं वहिनींनीं तिला चहास बोलाविलें आहे.