मुलाखत कुणाच्या ओट्यावर झाली?

ज्या ताईंकडे बाई समुपदेशनाला येते, त्याच ताईंनी तिला विचारलं, ‘फायदा झाला ना?’ तर बाई ‘हो’ म्हणणारच. पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा त्यांच्याकडेच यायचं असतं. असे बरेच ‘हो’ गोळा करून लिहिलेले निबंध आमच्याकडे छापायला सतत येतात. त्यातलं पद्धतीचं प्रकरण मात्र चोख असतं. लिंकन आणि गुबा यांचे १९८५ सालचे विश्वासार्हतेचे चारही निकष तिथे हजर असतात. ते पाळले कसे, हे शोधावं लागतं.

‘बारा मुलाखतींनंतर नवं काही मिळेना’ हे वाक्यही आता पाठ झालंय. हा बाराचा आकडा रूढ झाला तो गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६च्या निबंधामुळे. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासल्या होत्या. गट बऱ्यापैकी एकसारखा असेल तर बारा पुरतात, असं त्यांनी म्हटलं. पुढे ‘बारा पुरतात’ एवढंच उरलं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात दारू आणि घरातला ताण यांवर अभ्यास करायचा आहे, असं समजा. तिथे शहाद्याच्या सपाटीवर जमीन बहुतांशी गुजर पाटलांची आणि राबणारे हात भिलांचे, ही घडी जुनी. भिल मजुरांची श्रमिक संघटना १९७२ मध्ये उभी राहिली ती याच प्रश्नावर. त्याच काळात नवऱ्यांच्या दारूविरुद्ध भिल बायका गावोगाव उठल्या होत्या. म्हणजे बोलायला कुणी नाही, असं मुळीच नाही. पण सालदाराच्या बायकोची मुलाखत मालकाच्या ओट्यावर घेतली, तर उचल, मजुरी आणि मार या तिन्हींवर ती गप्प बसेल. आणि तिच्या त्या गप्प बसण्याला संशोधक ‘सोशिकता’ असं नाव देऊन मोकळा होईल. अशा बारा काय, पन्नास मुलाखती घेतल्या तरी हाती तेच येणार.

गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेचं काम इथे आठवतं. नैराश्यावरचं समुपदेशन तिथे दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांबाबत तपासलं गेलं. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. समुपदेशक होते स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेले. पण सुधारणा किती झाली हे मोजणारी माणसं वेगळी होती आणि कुणाला समुपदेशन मिळालं हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिवाय समुपदेशक एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकून ठरलेल्या मापपट्टीवर गुण देत आणि तज्ज्ञांच्या गुणांशी ते ताडून पाहिले जात. तो अभ्यास आकड्यांचा होता, हे मान्य. तरी दुसऱ्याला ऐकू द्यायची सवय गुणात्मक संशोधकाला उचलता येते. तिला प्रकल्पाचा निधीही लागत नाही. एक सहकारी आणि थोडी जाड कातडी पुरते.

गोपनीयतेचं तर विचारूच नका. ‘नाव बदललं आहे’ अशी टीप, आणि खाली ‘अमुक पाड्यावरची चाळिशीतली आशाताई’! पाड्यावर आशाताई असतात किती? बाईंना वाचता येत असेल किंवा नसेल, पण ग्रामपंचायतीत ते वाचणारं कुणीतरी असतंच.

‘निष्कर्ष सहभागींना वाचून दाखवले, सर्वांनी संमती दिली’ हेही आम्हाला खटकतं. सर्वांनी? एकीनेही ‘मी असं म्हटलं नव्हतं’ असं म्हटलं नाही? म्हटलं असेल तर ते निबंधात हवं, कारण तिथूनच विश्लेषण पुन्हा सुरू होतं. आणि वाचून दाखवलं तेव्हा सासू शेजारी बसली होती का?

मुलाखतकार कोण, सहभागींशी त्याचं आधीचं नातं काय, हे २००७ सालच्या ‘कोरेक’ या ३२ मुद्द्यांच्या तपासणी-यादीत स्पष्ट विचारलेलं आहे. येत्या अंकापासून आम्हीही ते विचारू. मुलाखत कुठे झाली, आसपास कोण होतं, मुलाखत घेणारा आणि समुपदेशक एकच होता का, हे लेखकाने मुख्य मजकुरातच लिहावं. सोबत निष्कर्षाला छेद देणारी निदान एक मुलाखत सविस्तर द्यावी. तशी एकही सापडली नसेल, तर ती शोधायला कुठे कुठे गेलात तेही लिहावं.