विकलेल्या पुस्तकाला 'भेट' म्हणू नये

जुने दिवाळी अंक, पहिल्या आवृत्त्या अमेरिकेतील मराठी संग्राहकांना विकायच्या आणि टपालाच्या सीमाशुल्क-पत्रकावर 'भेट' लिहून किंमतही कमी दाखवायची, ही चाल आम्हांला मान्य नाही. २९ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी संपली, १०० डॉलरपर्यंतची भेट तेवढी सुटली. आणि आमच्या विक्रेत्या स्नेह्यांचे औदार्य एकाएकी उफाळून आले! वास्तविक छापील पुस्तके त्या वर्षीच्या वाढीव शुल्कातून वगळलेलीच होती. म्हणजे खोटे, तेही निष्कारण. आणि बोलणारे बहुधा भाषेचेच अध्यापक. पत्रकात विक्रीसाठी स्वतंत्र रकाना असतो. दोन हजारांचा अंक दोनशेचा दाखवला आणि गठ्ठा गहाळ झाला, तर भरपाई कशाच्या आधारे मागणार? अडकलाच, तर जाब द्यायचा तो तिकडच्या वाचकाने.